उत्तर ‘मध्यम’च येणार असेल तर विचारतोस कशाला?

प्रश्न थोडक्यात असा आहे: “मॅडम, मी कृषी विस्तार विषयात एम.एस्सी. करतोय. विषय घेतलाय, ‘दारव्हा तालुक्यातील कापूस उत्पादक शेतकऱ्यांचे गुलाबी बोंडअळी व्यवस्थापनाबाबतचे ज्ञान व अवलंब’. ६ गावं, १२० शेतकरी. सिनॉप्सिसच्या (संशोधन आराखड्याच्या) सादरीकरणात एका प्राध्यापकांनी विचारलं, ‘यात संशोधन प्रश्न कुठे आहे?’ मला उत्तर देता आलं नाही. गाईड म्हणतात, चालेल. माझा मित्र शेतकरी आत्महत्यांवर करतोय, त्याचा विषय वजनदार आहे असं सगळे म्हणतात. प्रश्न चांगला की वाईट हे ठरवायचं कशावरून?”

तुझ्या गाईडचं बरोबर आहे आणि त्या प्राध्यापकांचंही. ‘चालेल’ म्हणजे डिग्री मिळेल, आणि ती मिळेलच. असा प्रबंध नापास झालेला मी तरी पाहिलेला नाही. पण तुझ्याजवळ आहे तो विषय. विषयाला उत्तर नसतं. ‘ज्ञान व अवलंब’ एवढं वाचून मला त्यावर हो म्हणता येत नाही, नाही म्हणता येत नाही, भांडताही येत नाही.

मी २६ वर्षं विस्तार, म्हणजे शेतीचं ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत पोचवण्याचा विषय, शिकवला. मुलं सिनॉप्सिस घेऊन आली की मी पहिल्यांदा पानं उघडतच नसे. कोरा कागद पुढे करायची आणि म्हणायची, तुझ्या प्रबंधातलं शेवटचं वाक्य आत्ताच लिहून दे. मग त्याच्या अगदी उलटं वाक्य लिही. आणि दोन्हींपुढे लिही की असं निघालं तर कोण काय वेगळं करेल. ज्याला दोन वाक्यं सुचत नाहीत, किंवा सुचली तरी दोन्हींपुढे ‘शेतकऱ्यांना प्रशिक्षण द्यावे’ हेच येतं, त्याच्याकडे प्रश्न नाही. बाकी सगळे निकष यानंतरचे.

तुझ्या विषयाला हे लावून पाहू. तुझं शेवटचं वाक्य मला आत्ताच माहीत आहे: ‘बहुसंख्य शेतकऱ्यांचे ज्ञान मध्यम पातळीचे आढळले.’ हे भविष्य नाही, अंकगणित आहे. तू ज्ञानाचे २०-२५ प्रश्न विचारशील, गुण देशील, सरासरी काढशील. सरासरीतून एक प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) वजा केलं की त्याच्या खाली ‘कमी’, एक मिळवलं की त्याच्या वर ‘जास्त’, मधले सगळे ‘मध्यम’. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललंय. आता संख्याशास्त्राच्या पहिल्या सेमिस्टरची वही काढ. गुण साधारण घंटेच्या आकारात पसरलेले असले तर सरासरीच्या दोन्ही बाजूंना एकेक विचलनात ६८ टक्के माणसं येतात. म्हणजे तुझ्या १२० पैकी ८२ च्या आसपास. शेतकऱ्यांना पुष्कळ येत असलं तरी ८२ मध्यम, फारसं काही येत नसलं तरी ८२ मध्यम. तू दारव्ह्याच्या ऐवजी चंद्रावर गेलास तरी तेच. माझ्या कपाटात असे प्रबंध आहेत, त्यातल्या काहींवर गाईड म्हणून माझी सही आहे, म्हणून जरा जोरात बोलतेय.

प्रश्नच असा विचारला गेला की त्याचं उत्तर पट्टीतच ठरलेलं होतं. गावात जायची गरज नव्हती.

मग गावात कशासाठी जायचं? आधी प्रश्नावली न घेता जा. सप्टेंबरात, सकाळी, कुणाच्या तरी वावरात. कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना ओढून पकडणारे सापळे, लावलेले दिसतील. कृषी विभाग वाटतो, काही जण स्वतः घेतात, शिफारस हेक्टरी ५ ची. सापळ्याजवळ उभा राहा आणि नुसतं पाहा. जुलैत काडीला बांधला तेव्हा तो पिकाच्या वर होता. आता पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, छातीला आलीय आणि सापळा पानांत बुडालाय, कारण पीक वाढेल तसा तो वर घ्यायचा असतो. झाकणाखालचं वासाचं रबरी बूच, म्हणजे ल्युर, पहिल्या दिवशीचंच आहे. खालची प्लास्टिकची पिशवी सोडून पाहा, तळाशी पतंगांचा चुरा आणि पावसाचं पाणी. कुणी मोजलेलं नाही. मग शेजारच्या तासातली एखादी डोमकळी, म्हणजे अळी लागलेलं न उमललेलं फूल, तोड. पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या एकमेकींना चिकटलेल्या असतात, अंगठ्याने उकलल्या की आत बारीक पांढुरकी अळी, काळसर डोक्याची. गुलाबी ती नंतर होते. शेतकऱ्याला हे ठाऊक नाही असं तुला वाटतं का? तोच तुला दाखवेल.

आता तुझ्या प्रश्नावलीत ‘कामगंध सापळ्यांचा वापर करता का?’ असा प्रश्न असेल, तो ‘हो’ म्हणेल, आणि तुझ्याकडे ‘अवलंब: पूर्ण’ अशी खूण पडेल. सापळा हे मोजायचं साधन आहे. सलग तीन रात्री सापळ्यामागे ८ पतंग सापडले, किंवा फुलांत-बोंडांत १० टक्के प्रादुर्भाव दिसला, तर फवारणीचा विचार करायचा, त्याआधी नाही. न मोजता टांगलेला सापळा म्हणजे भिंतीवरचं बंद घड्याळ. तेव्हा विचारण्यासारखी गोष्ट ‘सापळा आहे का’ ही नाही. विचारायचं ते हे: फवारणीचा दिवस ठरतो कशावरून?

हे एकदा वावरात उभं राहून विचारलंस की उत्तरं पडायला लागतात. “कृषी केंद्रवाला सांगते ते मारतो, उधारी त्याच्याकडंच आहे ना जी.” “बाजूच्यानं मारलं, आता त्याच्या अळ्या माह्या वावरात येतीन, मंग मारावंच लागते.” “अमावस्या आली की मारतो.” “मजूर भेटला त्या दिवशी.” या चार वाक्यांत चार वेगळी कारणं आहेत आणि प्रत्येकावरचा इलाज वेगळा. कृषी केंद्रामुळे ठरत असेल तर प्रशिक्षण दुकानदाराला द्यावं लागेल. शेजाऱ्यामुळे ठरत असेल तर एकेका शेतकऱ्याला गाठून फायदा नाही, शिवार धरावं लागेल. मजुरामुळे ठरत असेल तर ज्ञानाचा आणि त्याचा संबंधच नाही. कागदावर दोनच काय, चार वाक्यं आली, आणि चारही पुढे वेगवेगळी कामं. आता प्रश्न झाला.

आता रिकामा तक्ता काढ. आडवं: त्या आठवड्यात पतंग आठच्या पातळीच्या वर होते / खाली होते. उभं: फवारलं / नाही फवारलं. चार घरं. मला सगळ्यात जास्त कुतूहल दोन घरांचं आहे: पतंग कमी असताना मारलेली फवारणी (पैसा फुकट, अंगावर विष फुकट), आणि पतंग भरपूर असताना न मारलेली. तक्ता रिकामा असतानाच एखाद्या घरात बोट ठेवून ‘इथे काय येतंय ते बघायचंय’ असं म्हणावंसं वाटणं, ही माझी चांगल्या प्रश्नाची खूण. तुझ्या आधीच्या तक्त्यात असं बोट ठेवायला जागा नव्हती.

पण इथे एक पेच आहे आणि तो तुला बाहेरचे परीक्षक विचारतील. पतंग मोजणार कोण? शेतकरी मोजत नाही हे तर आपण पाहिलं. म्हणजे तू मोजणार, किंवा गावातला एखादा बारावी झालेला पोरगा रोज सकाळी मोजणार आणि तू त्याला पैसे देणार. समजा एका वावरात सलग तीन रात्री ११, ९, १४ आले. तुझ्या वहीत आकडा आहे, मालकाला माहीत नाही. सांगायचं की नाही? सांगितलंस तर त्याचं वागणं बदलेल, तुझा अभ्यास ‘बिघडेल’. नाही सांगितलंस तर त्याचं पीक तुझ्या प्रबंधासाठी खाल्लं जाईल. याच्यावर माझी बाजू स्पष्ट आहे: सांगायचं, त्याच दिवशी सांगायचं.

आणि सांगितल्याने प्रश्न उलट सुधारतो. आता प्रत्येक शेतकऱ्याला आकडा माहीत आहे, म्हणजे ‘त्याला ज्ञान नव्हतं’ ही पळवाट बंद. तरीही फवारणी दुसऱ्याच दिवशी होत असेल, तर ज्ञान सोडून काहीतरी दुसरं काम करतंय, आणि ते काय ते तुला शोधायचंय. तुझा प्रश्न असा होईल: ‘सापळ्यातील पतंगांची संख्या रोज कळत असताना कापूस उत्पादक फवारणीचा दिवस कशावरून ठरवतात?’ यात ‘ज्ञान वाढलं की अवलंब वाढतो’ ही आपल्या विषयाची जुनी समजूत खोटी ठरू शकते, आणि खरीही ठरू शकते. आकडा कळल्यावर लोक खरंच तसेच वागायला लागले, तर मोजणी करणारा पोरगा गावागावात नेमावा, एवढी साधी शिफारस निघेल. दोन्हीकडून तुझ्या हातात काहीतरी पडतं.

अर्थात हे १२० शेतकऱ्यांवर जमणार नाही. दोन गावं, गावात १२-१२ शेतकरी, एवढं बस झालं. कमिटीत कुणीतरी ‘नमुना लहान आहे’ म्हणेल. म्हणू दे. १२० जणांकडून फेब्रुवारीत आठवणीवरून भरून घेतलेल्या फॉर्मपेक्षा २४ जणांच्या वावरातली रोजची नोंद मी कधीही घेईन. फक्त यवतमाळ जिल्ह्याचे टक्के काढायला जाऊ नकोस, २४ जणांवरून ते निघत नाहीत. निर्णय कसा होतो हे निघतं, आणि प्रश्न तेवढाच आहे.

गावं निवडताना मात्र डोकं लाव. एक कोरडवाहू घे आणि एक ओलिताचं. ओलितावर फरदड, म्हणजे वेचणीनंतरही राखलेलं कापसाचं पीक, मार्चपर्यंत ओढतात आणि अळीला तेवढे महिने जेवण मिळतं. कोरडवाहूत डिसेंबर-जानेवारीत पऱ्हाटी उपटली जाते. ही तुलना खरी तुलना आहे. ‘हा अभ्यास दिग्रस तालुक्यात झालाय, दारव्ह्यात झालेला नाही’ हे नावीन्य नव्हे. कृषीकोशवर, म्हणजे कृषी विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर, जाऊन तुझ्या विषयाचे शब्द टाक, जिल्ह्याचं नाव बदललेले तेच प्रबंध किती आहेत ते दिसेल. त्यातल्या पाच-सातांचं फक्त ‘निष्कर्ष’ प्रकरण वाच, वर सांगितलेलं ‘मध्यम’ मोजत वाच.

आठवणीचं मघाशी म्हटलं, ते सांगून टाकते. माझं स्वतःचं काम फवारणीच्या खर्चावर होतं. १४ पानांची प्रश्नावली, फेब्रुवारीचं ऊन, ओसरीवर सतरंजी. मालकाला विचारलं, हंगामात किती फवारण्या केल्या? त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं, पाच. मी पाच लिहिलं. आतून बाई चहा घेऊन आल्या, कप ठेवता ठेवता म्हणाल्या, “सात वेळा पाणी वाह्यलं म्या विहिरीवरून, अन् हे पाच सांगून राह्यले.” पंपात पाणी टाकणारीला आकडा पाठ होता. त्याआधी मी ४० घरं करून आले होते, सगळीकडे मालकाला विचारून. ती ४० घरं मी पुन्हा केली नाहीत, पैसे नव्हते आणि मुदत संपत आली होती. तो आकडा माझ्या प्रबंधात तसाच छापलेला आहे. तेव्हा प्रश्न तपासताना हेही बघ की याचं उत्तर घरात नेमकं कुणाला माहीत असतं, आणि कोणत्या महिन्यात.

महिन्याचं तर फारच. पेरणी जूनमध्ये, डोमकळ्या ऑगस्टपासून, ऑक्टोबरात वेचणी सुरू. तुझा सिनॉप्सिस नोव्हेंबरात मंजूर झाला तर हा प्रश्न त्या वर्षी मेला. मग एक तर पुढच्या हंगामापर्यंत थांब, नाहीतर वेगळा प्रश्न घे. पण हाच प्रश्न आठवणीवर विचारू नकोस. आणि दहा ते पाचच्या एसटीने गावात जाऊन शेतकरी घरी भेटत नाही. मुक्काम करावा लागेल. पोळ्याच्या दिवशी सगळे गावात असतात, पण त्या दिवशी कुणाला प्रश्नावली काढून दाखवलीस तर बैलाआधी तुलाच हाकलतील.

पुस्तकी निकषही आहेत. आरोग्य संशोधनात ‘फायनर’ नावाचा ताळा शिकवतात: जमण्यासारखा आहे का, रंजक आहे का, नवा आहे का, नैतिक आहे का, उपयोगाचा आहे का. वाईट नाही. पण मी पाहिलंय, मुलं पाचही चौकटींत खूण करतात आणि प्रश्न होता तिथेच राहतो.

त्यापेक्षा गडचिरोलीचं उदाहरण बघ. डॉक्टर अभय आणि राणी बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली, १९८९ मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. या प्रश्नाची ताकद भाजकात आहे, म्हणजे टक्के कुणामधून काढले यात. ‘दवाखान्यात येणाऱ्या स्त्रियांमध्ये किती आजार’ असं विचारलं असतं तर न येणाऱ्या दिसल्याच नसत्या. त्यांनी विचारलं, गावातल्या स्त्रियांमध्ये किती. पुढे १९९९ चा नवजात बालकांच्या घरगुती काळजीचा अभ्यास: ३९ गावांत प्रशिक्षित गावातलीच बाई बाळाला घरी जाऊन बघणार, ४७ गावांत नेहमीसारखं. नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी कमी झाला. तो तसा झाला नसता, असंही घडू शकलं असतं, आणि ती ४७ गावं ते दाखवण्यासाठीच होती. प्रश्नात हरण्याची सोय करून ठेवली होती. तुझा भाजक कोणता ते विचार: सापळा लावलेले शेतकरी, की कापूस लावलेले? कृषी सहायकाने यादी दिली तर त्यात सापळेवालेच येतील. कापूसवाल्यांतून चिठ्ठ्या काढ.

आणखी एक प्रकार ओळखायला शीक, उत्तर पोटात घेऊन फिरणारा प्रश्न. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन २० हून अधिक माणसं गेली. त्यानंतर ‘शेतकऱ्यांच्या निष्काळजीपणामुळे होणारी विषबाधा: कारणे व उपाय’ या धर्तीचे विषय माझ्यापुढे आले. कारण शीर्षकातच सांगून टाकलंय, मग शोधायचं काय? मी एका मुलीला म्हटलं, तू स्वतः सुरक्षा किट घाल, हातमोजे, मास्क, चष्मा, आणि ऑक्टोबरच्या दुपारी डोक्याएवढ्या पऱ्हाटीतून नुसता पाण्याचा पंप घेऊन एक तास चाल. ती वीस मिनिटांत बाहेर आली, चष्म्यावर वाफ, मास्क ओला. तिने शीर्षक बदललं: फवारणी करणारे मजूर किट कधी, कोणत्या वेळेला आणि का काढतात. ‘निष्काळजी’ हा शब्द गेला आणि मजूर आला. आधीच्या शीर्षकात तो कुठे नव्हताच, जणू सगळे मालकच फवारतात.

तुझ्या मित्राच्या विषयाबद्दल. विषय वजनदार असला म्हणून प्रश्न चांगला होत नाही, उलट वजनदार विषयात वाईट प्रश्न झाकला जातो. आत्महत्येनंतर कुटुंबाला शासनाची एक लाखाची मदत असते आणि प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे कर्ज, थकबाकी, वसुलीचा तगादा यांवर ठरतं. ज्या घराचं प्रकरण अजून फायलीत आहे, तिथे जाऊन तुझा मित्र ‘आत्महत्येचं कारण काय’ विचारणार. त्या बाईने काय सांगावं अशी त्याची अपेक्षा आहे? ती तेच सांगेल जे तहसीलमध्ये सांगितलं, आणि त्यात तिची चूक नाही. शिवाय काही घरांत हे विचारायला आलेला तो पहिला नसेल. कारण विचारण्यापेक्षा नंतरचं विचारायला सांग त्याला: सातबारा कुणाच्या नावावर झाला, किती महिन्यांनी, पुढच्या जूनमध्ये वावर कुणी पेरलं. याची कागदं असतात, आणि बाईला ते सांगताना नवऱ्याचं मरण पुन्हा उगाळावं लागत नाही. तेवढंही सांगायचं नसेल तर उठून यायचं.

आता तुझं पुढचं काम. शीर्षक बदलायला जाऊ नकोस, त्याची नोंदणी झाली असेल तर विद्यापीठाचं पत्र, बैठक, सही यात महिना जाईल. ‘ज्ञान व अवलंब’ राहू दे तसंच. उद्दिष्टांमध्ये जिथे ‘अवलंबाची पातळी अभ्यासणे’ आहे, तिथे फवारणीच्या दिवसाचा प्रश्न टाक, आणि तो चार घरांचा रिकामा तक्ता सिनॉप्सिसला जोड. गाईडना सांगताना ‘मॅडम म्हणाल्या’ असं म्हणू नकोस, त्यांना ते आवडणार नाही. त्यांना सापळ्यातली पिशवी दाखव. पाण्यासकट घेऊन जा.